गारठायला चला अलास्काला!

सुट्टी म्हटली की गोवा, नाहीतर मनाली. अगदीच पैसे साठले तर बँकॉक. हे सगळं करून झालं असेल तर यंदा जरा वर बघा. म्हणजे नकाशात, एकदम वर!

"एवढे पैसे घालून थंडीत काकडायला कुठे चाललीस? थंडीच हवी असेल तर महाबळेश्वरला जा की!"

अलास्काला जायचं जाहीर केल्यावर आईची ही पहिली प्रतिक्रिया. दुसरी त्याहून अवघड होती. "पण तिथे आहे काय?"

खरं सांगू? तेव्हा माझ्याकडेही धड उत्तर नव्हतं. मी सत्तावीस वर्षांची होते आणि नुकतीच नोकरी सोडून फ्रीलान्सिंग सुरू केलं होतं. नोकरीतल्या शेवटच्या वर्षात माझी अवस्था अशी होती की रात्री दोन वाजता फोन वाजल्याचा भास होऊन जाग यायची. बघावं तर फोन गप्प. डॉक्टरकडे गेले तर त्यांनी गोळ्या लिहून द्यायच्या आधी विचारलं, "शेवटची सुट्टी कधी घेतली होतीस?" मी म्हटलं, दिवाळीत, गोव्याला. मग माझं मलाच आठवलं, गोव्यात मी शॅकमध्ये बसून लॅपटॉपवर प्रेझेंटेशन करत होते. बाजूला समुद्र होता म्हणे.

त्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत माझा एकच टाइमपास होता. अलास्काच्या कटमाई नॅशनल पार्कमधल्या ब्रुक्स धबधब्यावर कॅमेरे लावलेत. उन्हाळाभर तिथली अस्वलं नेटवर लाइव्ह दिसतात. प्रवाहाविरुद्ध उड्या मारणारे सामन मासे आणि तोंड उघडून उभं असलेलं एक जाडजूड अस्वल. बस्स, एवढंच. मी डबा खात ते बघायचे. थंडीच्या झोपेआधी सगळ्यात गुटगुटीत कोण झालंय, यासाठी तिथे २०१४ पासून चक्क लोकांचं मतदान होतं. 'फॅट बेअर वीक' म्हणतात त्याला. वजन वाढवल्याबद्दल कौतुक होणारी ही जगातली एकमेव जागा असावी!

तर गाडीसाठी साठवलेले सव्वातीन लाख रुपये मोडले, सिएटलला नोकरी करणाऱ्या माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीला पटवलं आणि २०२३ च्या सप्टेंबरात आम्ही दोघी निघालो. त्या दोन आठवड्यांवरून सांगते, तुम्हीही का जावं. कारणं सात आहेत. शेवटचं कारण बघायला मात्र रात्री जागायची तयारी हवी.

कारण १ : जागाच जागा!

आधी थोडी आकडेमोड. अलास्काचं क्षेत्रफळ सुमारे १७ लाख चौरस किलोमीटर. म्हणजे साडेपाच महाराष्ट्र मावतील एवढं. आणि लोकसंख्या? २०२० च्या जनगणनेत ७ लाख ३३ हजार. आपल्या पिंपरी-चिंचवडमध्ये २०११ सालीच याच्या दुपटीहून जास्त माणसं होती. त्यातही चाळीस टक्के लोक एकट्या अँकरेज शहरात. उरलेल्या अलास्कात कोण राहतं? मूस, कॅरिबू, लांडगे आणि अस्वलं.

हा सगळा प्रदेश अमेरिकेने १८६७ मध्ये रशियाकडून ७२ लाख डॉलरला विकत घेतला. हिशेब केला तर एकरी दोन सेंट! तेव्हाचे परराष्ट्रमंत्री विल्यम सीवर्ड यांनी हा सौदा केला आणि लोकांनी त्यांची यथेच्छ टिंगल केली. बर्फ विकत घेतला म्हणून. पुढे तिथे सोनं सापडलं, १९६८ मध्ये तेल सापडलं आणि टिंगल थांबली. १९५९ मध्ये अलास्का अमेरिकेचं रीतसर राज्य झालं.

अँकरेजहून गाडी बाहेर काढली आणि अर्ध्या तासात मला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. काय ते कळेना. मैत्रीण म्हणाली, "अगं, होर्डिंग्ज नाहीयेत." खरंच की! १९९८ पासून अलास्कात रस्त्याच्या कडेला जाहिरातीचे फलक लावायला बंदी आहे. फ्लॅट घ्या, क्लास लावा, साहेबांना वाढदिवसाच्या शुभेच्छा द्या, असं कोणीही सांगत नाही. डाव्या बाजूला डोंगर, उजव्या बाजूला समुद्राची खाडी. आपल्याकडून कोणालाच काही नकोय, ही भावना किती मस्त असते, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा अनुभवलं.

कारण २ : बर्फ आहे तोवर

अँकरेजपासून साधारण २०० किलोमीटरवर सीवर्ड नावाचं छोटं बंदर आहे. हो, त्याच टिंगल झालेल्या मंत्र्यांच्या नावाचं. इथून बोटीने केनाई फ्योर्ड्स नॅशनल पार्कमध्ये जाता येतं. समुद्रात पाठीवर निवांत तरंगणारे सी ऑटर बघितले की रविवार दुपार आठवते. हिमनदीचा एखादा कडा समुद्रात कोसळतो तेव्हा आधी तो पडताना दिसतो आणि मग ढग गडगडल्यासारखा आवाज येतो. बोटीवरचे सगळे गप्प होतात.

पण मला जास्त लक्षात राहिली ती एक्झिट ग्लेशियर. तिच्याजवळ जायला ना बोट लागते, ना गिर्यारोहणाचा अनुभव. गाडी लावायची आणि चालायला लागायचं. वाटेत ठिकठिकाणी लहानशा पाट्या आहेत आणि त्यांवर फक्त साल लिहिलंय. त्या साली हिमनदीची कड इथपर्यंत होती, एवढाच त्याचा अर्थ. सगळ्यात जुनी पाटी १८१५ ची. मग १९१७ येतं, १९५१ येतं. आजूबाजूला गर्द झाडी आणि बर्फाचा मागमूस नाही. वर चढत गेलं की २०१० ची पाटी येते.

तिथे मी थांबले. २०१० साली मी नववीत होते. म्हणजे मी भूगोलाच्या पेपरात हिमनदीची आकृती काढत होते, तेव्हा खरी हिमनदी इथे, माझ्या बुटांपाशी होती. आता ती बरीच वर सरकली होती, खडकांच्या पलीकडे. १८१५ आणि १९१७ या पाट्या इतिहास वाटतात. २०१० मात्र आपल्या ओळखीचं साल असतं. त्या पाटीपाशी उभं राहून कोणी सेल्फी काढत नव्हतं, एवढं मी बघितलं.

सप्टेंबर २०१५ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा याच वाटेवरून चालले होते, हवामानबदलाकडे जगाचं लक्ष वेधायला. तुम्ही तुमच्या डोळ्यांनी बघायला जा. "पुढे कधीतरी जाऊ" म्हणण्यासारखी ही जागा नाही.

कारण ३ : हात दाखवा, ट्रेन थांबवा

आपल्याकडे एसटीची 'हात दाखवा, गाडी थांबवा' योजना आठवते? अलास्का रेलरोडवर ही सोय ट्रेनला आहे! टल्कीटना ते हरिकेन या भागात काही लोक रस्ताच नसलेल्या जंगलात घरं बांधून राहतात. त्यांच्यासाठी 'हरिकेन टर्न' नावाची गाडी आहे. रुळाच्या कडेला उभं राहून हात हलवायचा, की गाडी थांबते.

आम्ही पकडली ती मात्र 'डेनाली स्टार', अँकरेज ते फेअरबँक्स. अंतर ५७० किलोमीटरच्या आसपास आणि वेळ सुमारे बारा तास. आपली कोकण रेल्वेसुद्धा यापेक्षा घाईत असते. पण खिडक्या छतापर्यंत, बाहेर पिवळीधमक बर्चची झाडं आणि घाई कोणालाच नाही. मध्ये उतरून डेनाली पार्क करायचा आणि मग पुढची गाडी धरायची, असा आमचा बेत होता.

फेअरबँक्सच्या अलीकडे नेनाना गाव लागतं. हा रेल्वेमार्ग पूर्ण झाला तेव्हा जुलै १९२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनी इथे येऊन सोन्याचा खिळा ठोकला होता. पण नेनानाची खरी प्रसिद्धी आहे एका जुगारामुळे. १९१७ च्या थंडीत इथे रेल्वेचं काम करणाऱ्या लोकांनी कंटाळून पैज लावली, गोठलेल्या टनाना नदीचा बर्फ नक्की कधी फुटणार? बक्षिसाची रक्कम जमली ८०० डॉलर. ती पैज अजून चालू आहे. नदीच्या बर्फावर लाकडी तिकाटणं उभं करतात आणि तारेने काठावरच्या घड्याळाला जोडतात. बर्फ हलला, तार ओढली गेली, घड्याळ थांबलं, की तीच वेळ.

गंमत म्हणजे शंभरहून जास्त वर्षं मिनिटांपर्यंत अचूक ठेवलेली ही नोंद आता हवामानाच्या अभ्यासकांनाही उपयोगी पडते. पूर्वी बर्फ बहुतेक वेळा मेच्या आसपास फुटायचा. २०१९ साली तो १४ एप्रिललाच फुटला, तोपर्यंतच्या नोंदींतला सगळ्यात लवकर.

कारण ४ : इथे बॉस अस्वल आहे

डेनाली नॅशनल पार्कमध्ये रस्ता एकच, १४८ किलोमीटरचा. उन्हाळ्यात स्वतःची गाडी फक्त पहिल्या चोवीसेक किलोमीटरपर्यंत नेता येते. पुढे पार्कची बस. दिसायला अगदी शाळेची बस! त्यातही ऑगस्ट २०२१ पासून साधारण निम्म्या वाटेवर रस्ता बंद झाला. 'प्रिटी रॉक्स' नावाचा उतार खाली सरकतोय. जमिनीखालचा कायम गोठलेला थर वितळतोय, त्यामुळे. पूर्वी वर्षाला काही इंच सरकणारा तो उतार २०२१ मध्ये तासाला अर्ध्या इंचाहून जास्त सरकायला लागला. तिथे मग पूल बांधायचं काम हाती घेतलं गेलं. आमची बस त्याच्या अलीकडूनच मागे फिरणार होती.

बसचा नियम साधा. कोणालाही प्राणी दिसला की 'थांबा' म्हणून ओरडायचं. बस थांबली की मात्र आवाज बंद. पहिल्या तासात कॅरिबू दिसले. मग डोंगरावर पांढरे ठिपके, ते डॉल मेंढे. आणि मग वळणावर ती. एक ग्रिझली मादी आणि तिची दोन पिल्लं. कडेच्या झुडपांतली बेरी ओरबाडून खात होती. हिवाळ्याच्या झोपेआधी त्यांना मिळेल ते खाऊन चरबी साठवायची असते. खाता खाता ती रस्त्यावर आली आणि बससमोर चक्क आडवी झाली.

दहा मिनिटं गेली. वीस गेली. मागून एका काकांनी हळूच विचारलं, "आपण परत किती वाजता पोहोचू?" ड्रायव्हर बाई म्हणाल्या, "ती उठेल तेव्हा."

आता माझी भानगड सांगते. त्या दिवशी मला एका क्लायंटला मजकूर पाठवायचा होता. लॅपटॉपवर तयार होता, फक्त 'सेंड' म्हणायचं बाकी. सकाळी हॉटेलात नेट चाललं नाही, म्हटलं वाटेत फोनवरून पाठवू. आणि पार्कमध्ये रेंज शून्य! मी फोन खिडकीला लावून बघितला, वर धरून बघितला. माझा हात बघून मैत्रिणीने तो खाली ओढला. "बाई, समोर बघ!"

समोर पिल्लं आईच्या अंगावर चढून घसरत होती. मी बघितलं. खरं सांगायचं तर पहिली दहा मिनिटं नुसते डोळे तिकडे होते, डोकं त्या मेलमध्येच. मग कधीतरी डोकंही तिकडे गेलं. चाळीस मिनिटांनी ती उठली, अंग झटकलं आणि आमच्याकडे न बघता उतारावरून निघून गेली.

संध्याकाळी रेंज आली तेव्हा क्लायंटची मेल येऊन पडली होती. काम दुसऱ्या कोणाला तरी दिलं होतं. पोटात गोळा आला. ते पैसे गेले आणि तो क्लायंट पुन्हा कधी आला नाही. हे लपवण्यात अर्थ नाही, कारण सुट्टीची अशी किंमत आपण सगळेच मनात धरून असतो. पण त्या क्लायंटचं काम नक्की काय होतं, हे आज मला आठवावं लागतं. ती चाळीस मिनिटं मात्र जशीच्या तशी आठवतात.

जाता जाता एक. या पार्कमध्ये स्लेज ओढणारी कुत्रीही सरकारी नोकरीत आहेत! १९२० च्या दशकापासून. पार्कच्या मूळ जंगलभागात रेंजर अजूनही हिवाळ्यात कुत्र्यांच्या गाडीनेच गस्त घालतात. उन्हाळ्यात पाहुण्यांना ही मंडळी भेटतात, शेपटी हलवून. एवढं आनंदी कर्मचारीवर्ग मी दुसऱ्या कुठल्याच ऑफिसात बघितला नाही.

कारण ५ : डोंगर दिसेलच असं नाही

हे कारण वाचून हसाल. पण थांबा.

डेनाली हे उत्तर अमेरिकेतलं सर्वोच्च शिखर, उंची ६,१९० मीटर. सखल पायथ्यापासून मोजलं तर त्याचा उठाव एव्हरेस्टपेक्षाही जास्त भरतो. १९१३ मध्ये त्याच्या माथ्यावर सगळ्यात आधी पाऊल ठेवलं ते वॉल्टर हार्पर या अलास्काच्याच आदिवासी तरुणाने. डेनाली म्हणजे इथल्या मूळ भाषेत 'उंच असलेला'. १९१७ मध्ये सरकारने त्याला माउंट मॅकिन्ली केलं, २०१५ मध्ये पुन्हा डेनाली, जानेवारी २०२५ मध्ये परत मॅकिन्ली. पार्कचं नाव मात्र डेनालीच. नामांतराचे वाद फक्त आपल्याकडेच असतात असं कोण म्हणतं?

तर हा एवढा अवाढव्य डोंगर बहुतेक वेळा ढगात असतो. तो स्वतःचं हवामान स्वतःच बनवतो. उन्हाळ्यात आलेल्या तीन पाहुण्यांपैकी साधारण एकालाच तो दिसतो, असं तिथे सांगतात. आम्ही चार दिवस होतो. चारही दिवस तो दिसला नाही. ज्या बाजूला तो असायला हवा तिकडे पांढरट पडदा.

पहिल्या दिवशी मी चिडले. एवढे पैसे भरलेत! दुसऱ्या दिवशी हवामानाचा अंदाज पंधरा वेळा बघितला. तिसऱ्या दिवशी बघायचं सोडून दिलं आणि समोरचा टुंड्रा बघितला. सप्टेंबरच्या सुरुवातीला तिथली गुडघाभर झुडपं लाल, शेंदरी, जांभळी होतात. मैलोन्‌मैल पैठणी अंथरल्यासारखी. डोंगराच्या नादात मी त्याच्याकडे दोन दिवस बघितलंच नव्हतं.

आपल्याला टार्गेटची इतकी सवय लागलीये की सुट्टीतही आपण टार्गेट घेऊन जातो. इथे टार्गेट तुमच्या हातातच नसतं. आणि ते चुकल्याबद्दल कोणी अप्रेझलमध्ये मार्क कापत नाही.

कारण ६ : 'सगळं सोडून जावं' या आजारावर औषध

ऑफिसात वाईट दिवस गेला की आपल्यापैकी प्रत्येकाच्या मनात येतं, सगळं सोडून जंगलात निघून जावं. ख्रिस मॅककँडलेस हा तरुण खरंच गेला. कॉलेज संपल्यावर पैसे दान करून, नाव बदलून. १९९२ मध्ये डेनालीजवळच्या स्टँपीड ट्रेलवर एका टाकून दिलेल्या बसमध्ये राहिला आणि तिथेच, चोविसाव्या वर्षी, उपासमारीने गेला. जॉन क्राकॉवर यांचं 'इन्टू द वाइल्ड' हे पुस्तक आणि २००७ चा सिनेमा त्याच्यावरच. कॉलेजात आमच्या होस्टेलवर त्याचं पोस्टर होतं.

त्यानंतर जगभरातली पोरं ती बस शोधत जायला लागली. वाटेतल्या नदीत दोघींचा बुडून मृत्यू झाला, कित्येकांना सोडवून आणावं लागलं. शेवटी जून २०२० मध्ये ती बस हेलिकॉप्टरने उचलली आणि फेअरबँक्सच्या विद्यापीठातल्या म्युझियमकडे सोपवली.

त्या भागातून जाताना मला पोस्टरची आठवण आली आणि थोडं लाजल्यासारखंही झालं. कारण सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातच पहाटे शून्याच्या आसपास थंडी होती आणि मी तीन थर घालून, गरम पाण्याच्या हॉटेलात राहून कुडकुडत होते. अलास्कात वर्षानुवर्षं राहणारी माणसं आयुष्यापासून पळालेली नसतात. उलट ती सारखी कामात असतात. लाकडं फोडणं, मासे धुरावर वाळवणं, छप्पर दुरुस्त करणं. थंडी कोणासाठी थांबत नाही.

म्हणून म्हणते, पळून जायला अलास्का ही जागाच नव्हे. दोन आठवडे जा, चांगली गारठा आणि परत या. परतल्यावर घरातला गरम वरणभात बघून डोळ्यांत पाणी येतं. फेअरबँक्समध्ये आम्ही दोघींनी शेवटचे थेपले वाटून खाल्ले, तेव्हाच त्याची झलक मिळाली होती.

कारण ७ : आणि शेवटी ते आकाश

फेअरबँक्स ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्याखालीच येतं. सूर्याकडून येणारे कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे ध्रुवांकडे वळतात आणि वरच्या हवेवर आदळतात. साधारण शंभर किलोमीटरवरच्या ऑक्सिजनचा हिरवा उजेड पडतो, त्याहून वरचा लाल. हा झाला अरोरा. इथे तो ऑगस्टच्या उत्तरार्धापासून एप्रिलपर्यंत दिसू शकतो. उन्हाळ्यात का नाही? कारण रात्रच होत नाही! २१ जूनच्या आसपास फेअरबँक्समध्ये सूर्य जवळजवळ बावीस तास वर असतो. १९०६ पासून तिथे त्या रात्री दहाच्या सुमाराला बेसबॉलचा सामना सुरू करतात, दिवे न लावता.

आमच्याकडे तीन रात्री होत्या. पहिली ढगाळ. दुसरी ढगाळ, वर पाऊस. तिसऱ्या रात्री शहराबाहेरच्या केबिनच्या ओट्यावर आम्ही ब्लँकेट गुंडाळून बसलो. पहाटे परत निघायचं होतं. डोंगर दिसला नाही, आता हाही दिसणार नाही, असं गृहीत धरून आम्ही गप्पा मारत होतो. ती सिएटलला गेल्यापासून इतक्या सलग गप्पा झाल्याच नव्हत्या. तिने तिथे एकटीने काढलेली पहिली दोन वर्षं मला तेव्हा कळली. माझ्या त्या रात्री दोनच्या फोनबद्दल मीही पहिल्यांदाच कोणालातरी नीट सांगितलं.

एक वाजून गेल्यावर उत्तरेला पांढरट ढगासारखं काहीतरी दिसलं. तिने कॅमेरा स्टँडवर लावून फोटो काढला. स्क्रीनवर तो ढग हिरवा! डोळ्यांना अजून राखाडीच दिसत होता. हे तुम्हाला आधीच सांगून ठेवते, फोटोतला अरोरा आणि डोळ्यांना दिसणारा अरोरा यांत फरक असतो. कॅमेरा जास्त उजेड गोळा करतो. पण मग तो पट्टा डोक्यावर आला आणि हलायला लागला. खिडकीचा पडदा वाऱ्याने हलावा तसा. आता डोळ्यांनाही हिरवा, खालच्या कडेला किंचित गुलाबी. आवाज कसलाच नाही.

मी आईला व्हिडिओ कॉल लावला. तिथे रात्रीचा दीड, म्हणजे पुण्यात दुपारचे तीन. आई चहा टाकत होती. मी फोन आकाशाकडे धरला.

"दिसलं का गं?"

"काळंच दिसतंय सगळं."

"अगं, हिरवं आहे, बघ ना! हलतंय!"

"नाही बाई. काळं." मग थोडं थांबून, "तुला दिसतंय ना नीट?"

"हो."

"मग तू बघ की. मला फोन कशाला लावत बसलीस?"

आणि तिने फोन ठेवला.

जायचं ठरलंच तर...

कधी : हिरवाई, बोटी आणि मोठे दिवस हवेत तर जून ते ऑगस्ट. मात्र जून-जुलैत डास इतके की त्यांना गमतीने राज्यपक्षी म्हणतात. रंग आणि अरोरा दोन्ही हवेत तर ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबरचा दुसरा आठवडा. डेनालीच्या बस आणि ट्रेनचा उन्हाळी मोसम सप्टेंबरच्या मध्याला संपतो. फक्त अरोरा हवा असेल तर मार्च, पण थंडी शून्याच्या बरीच खाली.

कसं : अमेरिकेचा टुरिस्ट व्हिसा लागतो. मुलाखतीच्या तारखेला वेळ लागतो, तेव्हा तिकिटाआधी व्हिसा. भारतातून थेट विमान नाही. सिएटलहून अँकरेज साडेतीन तास.

खर्च : स्वस्त अजिबात नाही. आम्ही खोली आणि गाडी वाटून घेतली, ब्रेड-अंडी स्वतः आणली, तरी माझे सव्वातीन लाख गेले. चौघं असाल तर बरंच परवडतं.

कपडे : एक जाड जॅकेट घेण्यापेक्षा तीन थर घ्या. आतला सुती नको, तो घामाने ओला राहतो. पावसाळी कोट आणि चांगले बूट मस्ट.

प्राणी : डेनालीत अस्वलापासून किमान २७५ मीटर लांब राहायचा नियम आहे. चालताना बोलत राहा, म्हणजे ते दचकत नाही. अस्वल दिसलं तर पळू नका. मूस गरीब गाईसारखा दिसतो, पण तसा नसतो. त्यालाही लांबूनच नमस्कार.

रस्ता : डेनालीतली बस कुठपर्यंत जाते, हे निघण्याआधी पार्कच्या वेबसाइटवर तपासा.

काम : जायच्या आधी संपवा. रेंजच्या भरवशावर राहू नका. माझ्याकडे बघा.

आणि शेवटची टिप : अरोरा दिसला की आईला फोन करू नका. ओरडा बसतो.